वाढ आणि वाढप

यंदा गौरी जेवल्या त्या दिवशीची गोष्ट. आमच्या घरी एक नियम आहे. वर्षभर वाढप बायकांकडे, पण गौरीच्या दिवशी त्यांनी पानावर बसायचे आणि वाढायचे मी. नियम सौभाग्यवतींनी केलेला आहे; तो मोडण्याची माझी छाती नाही. पंक्तीला अकरा पाने होती. पहिल्या पानावर आमचे विभागप्रमुख, शेजारी त्यांच्या पत्नी, मग इतर मंडळी. पुरणपोळीवर तूप वाढताना माझा हात सुरुवातीला जरा सैल सुटला. वरिष्ठांच्या पोळीवर तूप वाढताना कुणाचा हात आखडतो? व्हायचे तेच झाले. पंक्तीच्या टोकाला माझी आत्या बसली होती. तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा भांड्यात चमच्याने खरवडावे इतकेच तूप उरले होते.

नेमका हाच मुहूर्त साधून आमच्या कन्येने देशाची खुशाली सांगितली. ती अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे घरात कोणताही विषय निघो, शेवटचा शब्द तिचा असतो. ती म्हणाली, "२०२४-२५ सालात देशाची वाढ साडेसहा टक्के झाली. मोठ्या देशांत एवढी कुणाचीच नाही."

आत्याने आपल्या कोरड्या पोळीकडे पाहिले, माझ्या हातातल्या भांड्याकडे पाहिले आणि विचारले, "वाढ झाली ते बरंच झालं गं. पण वाढलं कुणी?"

सारी पंगत हसली. आत्या मात्र हसली नाही. तिला विनोद करायचा नव्हता, तिला तूप हवे होते.

मी पडलो मराठीचा मास्तर. जेवणे आटोपून सुपारी कातरीत बसलो तरी तो शब्द काही डोक्यातून जाईना. मूल वाढते, झाड वाढते, पगार क्वचित वाढतो. आणि पानातही वाढतात. एकच क्रियापद. 'वाढा हो माई' म्हणून दारात उभा राहणारा भिकारी माईंच्या उंचीबद्दल बोलत नसतो. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन निराळे शब्द आहेत, म्हणून पहिलीवर जाडजूड ग्रंथ लिहिताना दुसरीचा विसर पडणे तिकडे सोपे असावे. आपल्याला तशी सवलत भाषेनेच ठेवलेली नाही. त्यातून मराठी माणूस नारळ फोडला असे न म्हणता वाढवला म्हणतो, आणि बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. वाढ म्हणताना कुठेतरी काहीतरी फुटलेलेही असू शकते, हे आपल्या आज्यांना ठाऊक असणार.

पण शब्दांचा खेळ इथे थांबवतो. आत्याचा प्रश्न एकदा थेट लोकसभेत गाजलेला आहे. १९६३ सालच्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी पंडित नेहरूंच्या सरकारावर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारतातला तो पहिला. डॉ. राममनोहर लोहिया त्याच वर्षी फरुखाबादची पोटनिवडणूक जिंकून सभागृहात आले होते. ते म्हणाले, या देशात सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान म्हणाले, तीन नव्हे, पंधरा आणे. मागाहून नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदांनी साडेसात आण्यांचा आकडा दिला. नवे पैसे सुरू होऊन सहा वर्षे लोटली होती, तरी गरिबी मोजायला सर्वांना जुने आणेच सोयीचे वाटले.

एकाच देशात, एकाच वर्षी, तीन आणे, साडेसात आणे आणि पंधरा आणे! खोटे कोण बोलत होते? तसे म्हटले तर कुणीच नाही. पंधरा आणे ही सरासरी होती. देशाचे सगळे उत्पन्न घ्यायचे, त्याला डोक्यांनी भागायचे, की पंधरा आणे येतात. आमच्या पंक्तीत हाच हिशेब केला असता तर दरडोई दोन चमचे तूप निघाले असते आणि आत्याला 'तुला दोन चमचे मिळालेले आहे' असे कागदावर सिद्ध करून दाखवता आले असते. लोहिया बोलत होते ते खालच्या साठ टक्के पानांबद्दल. त्यांचा आकडा थोडा ताणलेला असेल, पण बोट बरोबर जागेवर होते.

पुढे या भांडणाचा निवाडा पुण्यात झाला असे म्हटले तरी चालेल. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या दोघांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाकाठी २२५० उष्मांक पोटात जातील एवढे अन्न मिळावे, ही त्यांची कसोटी. १९६०-६१च्या किमतींना त्यासाठी खेड्यात महिना माणशी पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च येई, असा हिशेब त्यांनी मांडला. पंधरा रुपये महिना म्हणजे दिवसाला आठ आणे. हे आठ आणेही खेड्यातल्या सुमारे चाळीस टक्के लोकांना मिळत नव्हते, आणि शहरातले निम्मे लोक तिथल्या बारा आण्यांपर्यंत पोचत नव्हते.

त्याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. १९६०-६१ नंतरच्या सात वर्षांत देश वाढला होता, दरडोई खर्चही थोडा वाढला होता. ही वाढ गेली कुठे, हे दोघांनी शोधले. ती वरच्या आणि मधल्या पानांवर पडली होती. खेड्यातला सर्वांत खालचा पाचवा हिस्सा होता तिथेच राहिला, आणि शहरातल्या तळाच्या पाचव्या हिश्शाची स्थिती पहिल्यापेक्षाही खालावली. तूप पहिल्या चार पानांवरच संपले होते.

मात्र आत्याची बाजू घ्यायची म्हणून वाढप्यालाच सगळा दोष द्यायचा, हेही मला पटत नाही. भांडे केवढे होते? १९५० ते १९८० या तीन दशकांत आपली वाढ वर्षाला सरासरी साडेतीन टक्के होती. अर्थशास्त्रज्ञ राज कृष्ण यांनी तिला थट्टेने 'हिंदू विकासदर' हे नाव दिले आणि ते चिकटले. त्यातून लोकसंख्या दोन टक्क्यांहून जोरात वाढत होती. माणशी वाढ दीड टक्क्याच्याही आत. अशा चालीने एका माणसाचे उत्पन्न दुप्पट व्हायला पन्नास वर्षे लागतात. म्हणजे आजोबा काम करतील आणि नातू फळ खाईल, तेही मधल्या पिढीने काही सांडले नाही तर. त्या काळात व्यासपीठावर वाटपाची भाषणे उदंड झाली, पण वाटायला होते काय? सत्तरीच्या सुरुवातीपर्यंतचे गरिबीचे आकडे पाहिले तर ते पावसाबरोबर खालीवर होताना दिसतात. पाऊस बरा झाला, धान्य स्वस्त झाले की गरीब कमी. पाऊस गेला की पुन्हा होते तितके.

आणि १९७२ साली पाऊस गेलाच.

आमचे मूळ गाव सांगोला तालुक्यातले. त्या साली आत्या सोळा वर्षांची होती आणि माझे वडील तेरा वर्षांचे. आत्या दुष्काळाबद्दल आपणहून फारसे बोलत नाही. त्या दिवशी दुपारी मात्र, कन्येने वही-पेन्सिल घेऊन विचारायला सुरुवात केल्यावर, ती बोलली. सरकारने रस्त्यांची कामे काढली होती. ती आईबरोबर खडी फोडायला जाई. आठवड्याने ढिगाची मोजणी व्हायची आणि मापाप्रमाणे पैसे मिळायचे. मुकादम माप घेताना ढीग पायाने दाबायचा, हे सांगताना तिने बसल्या जागी पाय दाबून दाखवला. सुकडी मिळे, आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटा. "पण हातात पैसा येत होता," ती म्हणाली. "आठवड्याच्या बाजाराला हातात पैसा. नाहीतर तुझ्या आज्याला शाळेतून काढून गुरांमागं धाडायचं ठरलंच होतं."

आज्या म्हणजे माझे वडील. ते शाळेत राहिले, मॅट्रिक झाले, कचेरीत कारकून लागले आणि शहरात बिऱ्हाड केले. आत्याची शाळा चौथीला सुटली होती. ती सुटलेलीच राहिली. हा तपशील मला माहीत नव्हता असे नाही. पण हातातल्या रिकाम्या तुपाच्या भांड्यासकट तो आधी कधी आठवला नव्हता.

१९७३ सालच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती, आणि त्यांत बायका फार होत्या. या अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना आधीपासून लावून धरली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. काम मागणे हा हक्क. आणि पैसा कुठून? तो तुमच्याआमच्या खिशातून. १९७५ साली महाराष्ट्राने शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला, तो या योजनेसाठी. अजूनही माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ दरमहा असते: २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. कपात म्हणून त्या ओळीकडे मी वर्षानुवर्षे कपाळाला आठी घालून पाहात आलो. तिची जन्मकथा अशी आहे हे मला उशिरा कळले.

योजनेत भानगडी झाल्या नाहीत असे नाही. खोटी हजेरीपत्रके निघाली, पाझर तलाव कागदावर भरले, रस्ते गावाच्या वेशीपर्यंत येऊन थांबले. पण एक गोष्ट झाली, ती फारशी कुणी सांगत नाही. गावात दुसरे काम मिळू शकते म्हटल्यावर बागायतदाराला आपल्या रानातली मजुरी थोडी सैल करावी लागली. गरिबाच्या हाताला गिऱ्हाईक वाढले की भाव वाढतो. केंद्राने २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा डोळ्यांसमोर महाराष्ट्राचाच नमुना होता.

आता १९९१ नंतरची गोष्ट. परवाने सैलावले, परदेशी माल आला, भांडे मोठे होऊ लागले. गरिबी किती हटली? सुरेश तेंडुलकरांच्या समितीने २००९ साली जी रेषा आखून दिली, तिच्या हिशेबाने १९९३-९४ साली देशात शंभरात पंचेचाळीस माणसे गरीब होती, २००४-०५ साली सदतीस, आणि २०११-१२ साली बावीस. कन्येने हे आकडे मोठ्या ठसक्याने वाचले. मी तिला टक्के बाजूला ठेवून डोकी मोजायला सांगितली. तेव्हा गंमत दिसली. १९९३-९४ साली गरीब होते चाळीस कोटी. अकरा वर्षे वाढ होऊन २००४-०५ साली गरीब किती? पुन्हा चाळीस कोटी. टक्का घसरला, पण लोकसंख्या वाढली, आणि डोक्यांचा आकडा जागचा हलला नाही. त्यापुढच्या सातच वर्षांत मात्र तो सत्तावीस कोटींवर आला.

मग अकरा वर्षांत जे झाले नाही ते सात वर्षांत कसे झाले? एक तर वाढीचा वेग वाढला, हे कबूल करायला हवे. भांडे खरोखरच मोठे झाले. पण तेवढ्याने भागत नाही. त्या सात वर्षांत देशभर इमारती, पूल, रस्ते यांची कामे निघाली आणि बांधकामावरच्या माणसांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. शेतातली माणसे प्रथमच मोठ्या संख्येने शेत सोडून बाहेर पडली. उरली त्यांना मागणी आली, रोजगार हमीची जोड मिळाली, आणि खेड्यातली मजुरी महागाईला मागे टाकून वर गेली. वाढ आकाशातून झिरपत गरिबाच्या घरात उतरते, असे काहींना वाटते. मला तरी तिची एकच वाट दिसते: गरिबाकडे विकायला दोन हात असतात, त्या हातांचा भाव. वाढीमुळे तो भाव चढला तर वाढ पोचली. नाही चढला तर साडेसहा काय आणि सोळा टक्के काय!

सोळा टक्के हे उगीच तोंडात आले, पण दहा टक्क्यांचे उदाहरण खरेच आहे. हा प्रश्न काही आपल्याच पंक्तीतला नाही. ब्राझीलमध्ये १९६८ ते १९७३ या वर्षांत लष्करी राजवटीखाली अर्थव्यवस्था वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. जगाने त्याला चमत्कार म्हटले. 'आधी केक फुगू द्या, मग कापू' हे वाक्य तिथल्या अर्थमंत्र्यांच्या नावावर खपते. केक फुगला. कामगारांच्या संघटना दाबलेल्या आणि मजुरी बांधलेली, त्यामुळे सुरी मात्र बाहेर निघाली नाही. १९६० आणि १९७०च्या खानेसुमाऱ्या शेजारी ठेवल्या तेव्हा वरच्यांचा वाटा आणखी मोठा झालेला दिसला. त्याच देशाने पुढे, या शतकाच्या सुरुवातीला, किमान वेतन वाढवले आणि २००३ साली, मुलांना शाळेत पाठवण्याच्या अटीवर, गरीब घरांना रोख पैसे द्यायची योजना काढली. तेव्हा वाढ दहा टक्क्यांच्या जवळपासही नव्हती, तरी गरिबी हटली आणि विषमताही थोडी उतरली.

"पण बाबा," कन्या म्हणाली, "आता आपल्याकडे गरीब उरलेतच किती?" तिचे म्हणणे निराधार नव्हते. जागतिक बँकेने २०२५ साली आपली रेषा दिवसाला तीन डॉलर केली. हे डॉलर बँकेत मोडायचे नसतात. इथल्या स्वस्ताईचा हिशेब धरून केलेले असतात, त्यामुळे तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये न होता त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास होतात. या रेषेखाली २०११-१२ साली भारतातली शंभरात सत्तावीस माणसे होती. २०२२-२३ साली पाचाच्या आसपास. मधल्या काळात पाहणीची पद्धत बदलली, आणि २०१७-१८ सालची पाहणी तर सरकारने प्रसिद्धच केली नाही, त्यामुळे दोन टोकांची तुलना जपून करावी. तरी उतार मोठा आहे आणि तो नाकारण्यात मला काही शहाणपण वाटत नाही. सांगोल्याला आज उपाशी झोपणारे घर शोधावे लागेल, हे आत्याही सांगते. पन्नास वर्षांपूर्वी न झोपणारे शोधावे लागे.

पण मग जानेवारी २०२३ पासून देशातल्या ऐंशी कोटी माणसांना धान्य फुकट का द्यावे लागते? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ रेषेपाशी लागतो. वाचकांना आठवत असेल, २०११ साली नियोजन मंडळाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की शहरात दिवसाला बत्तीस रुपये आणि खेड्यात सव्वीस रुपये खर्चणारा माणूस गरीब नाही. त्यावर वर्तमानपत्रांनी महिनाभर चेष्टा केली. पुढे रंगराजन समितीने २०१४ साली रेषा थोडी वर सरकवली: खेड्यात बत्तीस, शहरात सत्तेचाळीस. एवढे सरकवताच २०११-१२ सालचे सत्तावीस कोटी गरीब छत्तीस कोटी झाले. दिवसाकाठी एका चहाचे पैसे इकडचे तिकडे झाले की नऊ कोटी माणसे रेषेच्या अलीकडे येतात किंवा पलीकडे जातात! याचा अर्थ, रेषेच्या वर माणसे आरामात पसरून बसलेली नाहीत. रेषेला खेटून, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. एक आजारपण, एक लग्न, एक बुडालेला हंगाम, की खाली.

२०२० सालच्या मार्च-एप्रिलमध्ये ते आपण डोळ्यांनी पाहिले. टाळेबंदी झाली आणि मुंबई-पुण्याहून हमरस्त्यांनी माणसे चालत निघाली. कागदोपत्री त्यांतली बहुतेक गरीब नव्हती. बांधकामावर रोज मिळवणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी, खिशात मोबाइल असलेली माणसे. काम थांबल्यावर त्यांच्याजवळ पंधरा दिवसांचेही धान्य निघाले नाही. शेतीवर जगणाऱ्यांचे प्रमाण इतकी वर्षे उतरत होते, ते त्यानंतर उलटे चढले. २०२३-२४ साली देशातल्या कामकऱ्यांत शंभरातली शेहेचाळीस माणसे शेतीवर होती, आणि शेतीतून देशाचे उत्पन्न निघते ते पाचव्या हिश्शाहूनही कमी. जवळजवळ अर्ध्या पंक्तीसमोर पाचवा हिस्सा पातेले, हा हिशेब समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

इथपर्यंत सर्व ठीक चालले होते. मी बोलत होतो, कन्या लिहून घेत होती, विभागप्रमुख पोळ्यांच्या सुस्तीतही मान डोलावीत होते. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात त्या बाई आल्या. त्या उदगीरकडच्या. नवरा गवंड्याच्या हाताखाली काम करतो; दोघे २००८ साली पुण्यात आली, २०२० साली गावी गेली, आणि वर्षभराने परतली. म्हणजे मी मघापासून ज्यांचे टक्के सांगत होतो त्यांतले एक घर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी गौरीला हात जोडले, पुरणपोळीचा डबा घेतला आणि सौभाग्यवतींना म्हणाल्या, "ताई, दिवाळीपासनं दोनशे रुपये वाढवा बघा. दोन वर्सं झाली."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी, कुठल्याही गृहस्थाने म्हणावे तसे, "बघू" म्हणालो.

बाई गेल्यावर कन्येने वहीचे कोरे पान काढले. मला त्या पोरीच्या या सवयीची अलीकडे धास्ती वाटते. "बाबा, बाईंचा पगार पंधराशे. दोन वर्षांत महागाई साधारण दहा टक्के. म्हणजे पंधराशेचे साडेसोळाशे झाले तेव्हा कुठे त्या होत्या तिथे राहतील. दोनशेतले दीडशे महागाईने आधीच खाल्ले. खरी वाढ पन्नास रुपये. दोन वर्षांत जेमतेम तीन टक्के." मग जरा थांबून, "आणि तुमचा महागाई भत्ता?"

माझा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. मला त्यासाठी कुणाच्या मागच्या दाराशी उभे राहावे लागत नाही. कुणी तरी दिल्लीत महागाईचा निर्देशांक पाहतो, मग इकडे परिपत्रक निघते, आणि उशिराने का होईना, फरकासकट पैसे जमा होतात. फरकासकट! बाईंच्या पगाराला निर्देशांक नाही, परिपत्रक नाही, आणि फरक हा शब्द तर त्यांनी ऐकलाही नसेल. त्यांची वाढ माझ्या 'बघू'वर अवलंबून. देशातल्या वाढपाबद्दल तासभर प्रवचन केल्यावर भांडे माझ्याच हातात निघावे, याचा मला मनापासून राग आला. राग कुणाचा, ते मात्र नक्की ठरवता येईना.

मी बाजू मांडून पाहिली. म्हटले, वाण्याचे बिल वाढले, सोसायटीचे शुल्क वाढले, कन्येच्या क्लासची फी वाढली. सगळे खरे होते. विभागप्रमुख म्हणाले, "शिवाय एका घराने वाढवले की सगळ्या इमारतीत वाढवावे लागते. लोक आपल्याला नावे ठेवतात." हेही खरे होते. गावातल्या बागायतदारांनी रोजगार हमीबद्दल हीच तक्रार केली होती, हे मला त्यांच्या तोंडावर सांगवले नाही. वरिष्ठ आहेत.

आत्या इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. तिने कन्येच्या वहीकडे बोट दाखवले. "मुकादम ढीग पायानं दाबायचा ना, तसंच हे. ढीग तेवढाच, माप कमी." आणि माझ्याकडे वळून, "दोन वर्षांचं मागचं राहिलंय त्याचं काय ते पण लिहा म्हणावं."

त्यानंतर घरात चार दिवस चर्चा चालली. सौभाग्यवतींनी एक आकडा सुचवला, मी एक सुचवला, कन्येने दोन्ही खोडून तिसरा काढला. तो बाईंनी मागितला होता त्याहून मोठा होता. शेवटी एके सकाळी बाईंना चहा देऊन काय ते ठरले. किती ठरले ते मात्र इथे लिहीत नाही. आमच्या इमारतीत हा दिवाळी अंक निदान सहा घरी येतो, आणि त्यांतल्या चार घरी बाईच कामाला जातात.